हायस्कूलच्या इंग्रजी निबंधातील विश्लेषक परिच्छेद : हैदराबादच्या शिक्षण-इतिहासाच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

उर्दू किंवा मराठी माध्यमातून शिकणारा नववी-दहावीचा विद्यार्थी इंग्रजीच्या पेपरात निबंधापाशी येऊन अडतो, हा आपल्या शाळांमधील शिक्षकांचा नेहमीचा अनुभव आहे. व्याकरणाचे प्रश्न तो सोडवतो, उताऱ्यावरील प्रश्नांची उत्तरे शोधतो. परंतु एखाद्या विषयावर स्वतःचे मत मांडून ते आठ-दहा वाक्यांत सिद्ध करावयाचे म्हटले की गाईडमधील पाठ केलेला निबंध उतरवून मोकळा होतो. याचे कारण विचारल्यास "मुलांचे इंग्रजी कच्चे आहे" असे उत्तर मिळते. हे उत्तर अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. परिच्छेद लिहिता न येणे ही जितकी भाषेची अडचण आहे, तितकीच ती मुद्देसूद मांडणीच्या सरावाची अडचण आहे. आणि हा सराव कोणत्या भाषेत द्यावा, या प्रश्नाला इतिहास आहे.

या इतिहासाचा अभ्यास करण्यासाठी हैदराबादइतके योग्य शहर भारतात क्वचितच सापडेल. येथे इंग्रजी माध्यमाचे महाविद्यालय आणि उर्दू माध्यमाचे विद्यापीठ तीस वर्षे शेजारी शेजारी नांदले. भारतातील इंग्रजी अध्यापनाची केंद्रीय संस्थाही पुढे येथेच स्थापन झाली. मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते; त्यामुळे हा इतिहास मराठी वाचकांचाही आहे. सदर लेखात प्रथम परिच्छेद या लेखनप्रकाराचा उगम, नंतर हैदराबादमधील अनुभव व शेवटी विश्लेषक परिच्छेदाची रचना अशा क्रमाने विचार केला आहे.

परिच्छेदाचा उगम

परिच्छेद ही आज आपल्याला स्वाभाविक वाटणारी गोष्ट आहे. परंतु आपल्या जुन्या लेखनपद्धतीत ती नव्हती. मोडी लिपीतील पत्रे व बखरी सलग लिहिल्या जात. त्यांत शब्दसुद्धा तोडले जात नसत. फारसी व उर्दू हस्तलिखितांतही मजकूर सलग चाले. छापखाना आल्यानंतर आणि इंग्रजी पुस्तकांशी संबंध वाढल्यानंतर विरामचिन्हे व परिच्छेद आपल्याकडे रुळले. मराठीत विरामचिन्हे रुजविण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते.

खुद्द इंग्रजीतही परिच्छेदाचे नियम फार जुने नाहीत. स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीन विद्यापीठाचे प्राध्यापक अलेक्झांडर बेन यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'इंग्लिश कॉम्पोझिशन अँड ऱ्हेटॉरिक' या ग्रंथात परिच्छेदाची स्वतंत्र व पद्धतशीर चर्चा केली. परिच्छेदाच्या आरंभीच्या वाक्यातून विषय कळावा, प्रत्येक वाक्याचा मागील वाक्याशी असलेला संबंध स्पष्ट असावा, परिच्छेदात एकच उद्देश असावा, मुख्य व गौण गोष्टींना आपापल्या महत्त्वानुसार जागा मिळावी, हे त्यांच्या नियमांचे सार आहे. बेन हे मुळात तर्कशास्त्र व मानसशास्त्राचे अभ्यासक होते, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांच्या दृष्टीने परिच्छेद हा विचाराचा एक पूर्ण घटक होता.

हेच नियम संक्षिप्त होऊन शालेय पुस्तकांत उतरले. जे. सी. नेसफील्ड हे उत्तर भारतात शिक्षणखात्यात अधिकारी होते; त्यांची व्याकरणाची पुस्तके एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून देशभर चालली. त्यानंतर १९३० च्या दशकात पी. सी. रेन व एच. मार्टिन यांचे 'हायस्कूल इंग्लिश ग्रामर अँड कॉम्पोझिशन' आले. आपल्या आजोबांच्या पिढीपासून आजपर्यंत हे पुस्तक टिकून आहे. त्यातही परिच्छेदाचे स्वतंत्र प्रकरण असून एकता, क्रम व वैविध्य यांवर भर आहे. म्हणजे नियम आपल्या शाळांत कधीचेच पोचले होते. प्रश्न त्यांच्या वापराचा होता. व्याकरणाचे पाठ शेकडो वेळा घोटले गेले आणि पुस्तकाच्या शेवटी असलेला रचनेचा भाग बहुधा 'घरी वाचा' यावर सोडला गेला.

मजमून आणि निबंध

येथे एका गैरसमजाची दखल घेणे आवश्यक आहे. अमेरिकन भाषाभ्यासक रॉबर्ट कॅपलन यांनी १९६६ मध्ये एका लेखात असे मांडले की, इंग्रजी परिच्छेद सरळ रेषेत जातो, तर पौर्वात्य भाषकांचे लेखन वर्तुळाकार फिरत राहते. हे मत परदेशी विद्यार्थ्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या निबंधांवर आधारलेले होते. त्यावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि कॅपलन यांनीही आपली भूमिका सौम्य केली. तरीही "आपल्या मुलांना मुद्द्याचे लिहिता येत नाही, कारण आपल्या भाषेची प्रकृतीच तशी" असे बोलले जाते.

इतिहास याच्या उलट साक्ष देतो. सर सय्यद अहमद खान इंग्लंडहून परतल्यावर १८७० च्या अखेरीस त्यांनी 'तहजीबुल अखलाक' हे नियतकालिक सुरू केले. अठराव्या शतकातील 'टॅटलर' व 'स्पेक्टेटर' या इंग्रजी पत्रांचा आदर्श त्यांच्यासमोर होता. अलंकारिक इबारत बाजूला सारून साध्या उर्दूत एक मुद्दा घेणे, त्याची कारणे देणे, विरुद्ध मताचा विचार करणे आणि निष्कर्षाला येणे, ही मजमून लिहिण्याची रीत त्यांनी घालून दिली. त्यानंतर चारच वर्षांनी, १८७४ मध्ये, पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी 'निबंधमाला' सुरू केली; ती १८८१ पर्यंत चालली. दोघांची मते परस्परांहून फार भिन्न होती. परंतु दोघांनीही इंग्रजी निबंधाचे शिस्तबद्ध रूप आपल्या भाषेत पचवले, आणि दोन्ही भाषांना ते मानवले. भाषेची प्रकृती आड आली असती तर हे घडलेच नसते.

हैदराबादमधील दोन प्रवाह

हैदराबाद संस्थानात आधुनिक शिक्षणाचा पाया सर सालारजंग यांच्या दिवाणगिरीच्या काळात (१८५३–१८८३) घातला गेला. दारुल उलूम व मदरसा-ए-आलिया या संस्था त्याच काळातील. १८८७ मध्ये निजाम कॉलेजची स्थापना होऊन ते मद्रास विद्यापीठाशी संलग्न झाले. तेथील शिक्षण इंग्रजीतून होई. संस्थानच्या शिक्षणखात्याची धुरा वाहणारे सय्यद हुसेन बिलग्रामी (इमादुल मुल्क) आणि सरोजिनी नायडू यांचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय यांची नावे या कालखंडाशी जोडलेली आहेत. या प्रवाहातून उत्तम इंग्रजी लिहिणारे लोक तयार झाले, परंतु त्यांची संख्या मर्यादित राहिली.

दुसरा प्रवाह १९१७-१८ मध्ये सुरू झाला. सर अकबर हैदरी यांच्या निवेदनावरून सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी उर्दू माध्यमाच्या विद्यापीठास मंजुरी दिली आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. त्यापूर्वीच, १९१७ मध्ये, 'दारुल तर्जुमा' म्हणजे भाषांतर विभाग सुरू झाला होता. इतिहास, तत्त्वज्ञान, विज्ञान, कायदा, वैद्यक अशा विषयांची पुस्तके व परिभाषा उर्दूत आणण्याचे प्रचंड काम या विभागाने केले. त्याच्या आरंभीच्या काळातील सूत्रधार मौलवी अब्दुल हक यांचा औरंगाबादशी (आजचे छत्रपती संभाजीनगर) दीर्घ संबंध होता. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यालय त्यांनी तेथे नेले आणि तेथील इंटरमीजिएट कॉलेजचे ते प्राचार्यही होते.

उस्मानियाच्या योजनेतील एक कलम आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. सर्व विषय उर्दूतून शिकवावयाचे, मात्र इंग्रजी ही भाषा सर्वांना अनिवार्य. म्हणजे विद्यार्थ्याने इतिहासातील कारणमीमांसा किंवा तर्कशास्त्रातील अनुमान उर्दूत शिकावे, आणि तोच विद्यार्थी इंग्रजीच्या तासाला इंग्रजी लिहिण्यास शिकावा. विचार करण्याची सवय एका भाषेत लागली की ती दुसऱ्या भाषेत नेता येते, हा त्यामागील विश्वास होता. आजचे शिक्षणशास्त्रही साधारण हेच सांगते.

या योजनेची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. संस्थानातील सुमारे निम्मे लोक तेलुगू, सुमारे एक चतुर्थांश मराठी आणि बाकीच्यांपैकी बरेच कन्नड बोलत. ज्या मुलाची घरची भाषा उर्दू होती, त्याला उस्मानियाचा लाभ सहज झाला. बीड, परभणी वा नांदेडच्या मराठी मुलाला मात्र घरी मराठी, शाळेत उर्दू आणि वर इंग्रजी असे तिहेरी ओझे वाहावे लागले. मातृभाषेतून शिक्षणाचे तत्त्व मान्य केले. पण ती मातृभाषा बहुसंख्यांची नव्हती. याच गरजेतून १९०७ मध्ये हैदराबादेत विवेकवर्धिनी आणि गुलबर्ग्यात नूतन विद्यालय यांसारख्या शाळा निघाल्या होत्या. तेव्हा उस्मानियाचा अनुभव दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट शिकवतो : ज्या भाषेत मूल घरी वाद घालते, त्या भाषेत त्याला प्रथम तर्क शिकवावा.

१९४८ नंतर

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि त्यानंतर अल्पावधीत उस्मानियाचे माध्यम उर्दूऐवजी इंग्रजी झाले. तीस वर्षे उर्दूत घडवलेली परिभाषा वर्गातून बाहेर पडली. ज्यांनी उर्दूत शिकवले होते त्या प्राध्यापकांना तोच विषय इंग्रजीत शिकवावा लागला. उर्दूत मॅट्रिक झालेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीत उत्तरपत्रिका लिहावी लागली. मराठवाड्यातील शाळांत याच सुमारास उर्दूच्या जागी मराठी आली. तो बदल मराठी मुलांना दिलासा देणारा ठरला, पण महाविद्यालयाच्या दारात त्यांच्याही समोर इंग्रजी उभीच होती.

अशा संक्रमणात विद्यार्थ्याने काय केले असेल, हे समजणे कठीण नाही. विचार एका भाषेत आणि परीक्षा दुसऱ्या भाषेत, मध्ये पूल नाही. तेव्हा त्याने नोट्स पाठ केल्या. पाठांतर हा येथे आळस नव्हता, तो तगून राहण्याचा उपाय होता. परंतु तात्पुरता उपाय पुढे कायमची पद्धत बनला आणि गाईडचा बाजार त्यावर उभा राहिला.

१९५८ मध्ये हैदराबादेत केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली. कन्नड साहित्यिक वि. कृ. गोकाक हे तिच्या आरंभीच्या काळातील संचालक होते. देशभरातील इंग्रजी शिक्षकांना प्रशिक्षण देणे हा तिचा मुख्य हेतू. १९७२ मध्ये इतर परदेशी भाषांचा समावेश होऊन तिचे नाव विस्तारले आणि २००७ मध्ये ती 'इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठ' या नावाने केंद्रीय विद्यापीठ झाली. आरंभीच्या दशकांत देशात रचनाबद्ध पद्धतीचा बोलबाला होता. वाक्यांचे साचे सोप्यापासून कठीणापर्यंत क्रमाने लावून ते मुलांकडून घोटून घ्यावयाचे, अशी ही पद्धत. त्यामुळे मुलांची वाक्ये सुधारली. पण शुद्ध वाक्ये एकाखाली एक ठेवल्याने परिच्छेद होत नाही, हेही पुढे लक्षात आले. पुढील काळात संवादावर व लेखनप्रक्रियेवर भर देणाऱ्या पद्धती आल्या. परंतु जिल्हा परिषदेच्या किंवा खाजगी अनुदानित उर्दू शाळेतील साठ मुलांच्या वर्गापर्यंत त्या फारशा पोचल्या नाहीत.

दरम्यान माध्यमाचा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. १९९८ मध्ये हैदराबादेतच मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ सुरू झाले आणि उर्दूतून उच्च शिक्षणाचा मार्ग पुन्हा खुला झाला. दुसरीकडे तेलंगणा राज्यात २०१६ पासून सुरू झालेल्या अल्पसंख्याक निवासी शाळा इंग्रजी माध्यमाच्या आहेत. पालकांचा ओढाही इंग्रजीकडेच आहे. म्हणून परिच्छेदलेखन हा केवळ दहा गुणांचा प्रश्न राहिलेला नाही. ज्या घरात यापूर्वी कोणी इंग्रजीत एक पान लिहिले नाही, त्या घरातील मुलगी इंग्रजीत स्वतःचा मुद्दा मांडू शकेल की केवळ दुसऱ्याचे उतरवील, हा प्रश्न आहे.

दावा, दलील, पुरावा, खुलासा

विश्लेषक परिच्छेद म्हणजे काय, हे समजावण्यासाठी परकीय संज्ञांची गरज नाही. आपल्या कोर्टकचेऱ्यांत चालणारे चार शब्द पुरेसे आहेत. उर्दू मुलांना त्यांतील बहुतेक घरचे आहेत आणि मराठी मुलांनाही ते परके नाहीत.

दावा म्हणजे एका वाक्यातील मत, ज्याच्याशी कोणी असहमत होऊ शकेल. 'मुसी ही नदी आहे' हा दावा नव्हे. त्यावर वाद नाही. दलील म्हणजे त्या मताचे कारण. पुरावा म्हणजे घटना, आकडा किंवा पाठातील प्रसंग. खुलासा म्हणजे हा पुरावा तो दावा कसा सिद्ध करतो, याचे स्पष्टीकरण. न्यायशास्त्रातील प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय व निगमन या पाच अवयवांशी याचे साम्य आहे. त्यातील उपनय, म्हणजे उदाहरण प्रस्तुत प्रश्नाला लागू करून दाखवणे, हीच पायरी आमचे विद्यार्थी गाळतात. पुरावा देऊन ते थांबतात आणि पुढचे काम परीक्षकावर सोडतात.

हैदराबादच्याच विषयाचे एक उदाहरण घेऊ. वाचकांच्या सोयीसाठी दोन्ही नमुने मराठीत दिले आहेत. विषय : १९०८ चा मुसी नदीचा महापूर. पहिला नमुना असा :

"मुसी ही हैदराबादची नदी आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी तिला मोठा पूर आला. खूप लोक मेले व घरे पडली. पूर ही वाईट गोष्ट आहे. विश्वेश्वरय्या हे थोर अभियंते होते. आपण निसर्गाचे रक्षण केले पाहिजे."

यातील एकही वाक्य चुकीचे नाही. तरीही वाचून झाल्यावर हाती काही लागत नाही, कारण वाक्यांचा क्रम बदलला तरी फरक पडत नाही. दुसरा नमुना पाहा :

"१९०८ च्या पुरात झालेली हानी केवळ अतिवृष्टीमुळे झाली असे म्हणता येत नाही, नदीच्या वरच्या खोऱ्यातील पाणी अडवण्याची व्यवस्था अपुरी पडली, हेही तिचे मोठे कारण होते. मुसीच्या वरच्या भागात लहान-मोठे शेकडो तलाव होते आणि त्या पावसात त्यांपैकी अनेक फुटले. एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर येते. त्यामुळे पावसाच्या पाण्यात साठवलेल्या पाण्याची भर पडून लोंढा एकदम शहरात शिरला. त्या वर्षीचा पाऊस असाधारण होता, हे खरे. तथापि विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्यानंतर जे उपाय झाले, ते शहराच्या वरच्या बाजूला झाले : मुसीवर उस्मान सागर (१९२०) आणि तिच्या उपनदीवर हिमायत सागर (१९२७). उपाय जेथे केला, त्यावरून रोगाचे मूळ कोठे मानले गेले ते कळते."

येथे पहिले वाक्य दावा आहे. दुसऱ्यात पुरावा आहे. तिसरे व चौथे वाक्य तो पुरावा आणि दावा यांना जोडतात. दलील व खुलासा येथे एकत्र आले आहेत. पाचवे विरुद्ध मताला जागा देते. सहावे नवा पुरावा आणते आणि शेवटचे त्याचा अर्थ सांगते. कोणतेही वाक्य हलवले तर साखळी तुटते. शब्द मात्र साधेच आहेत. चांगल्या परिच्छेदाला अवघड शब्दांची नव्हे, सांध्यांची गरज असते.

शिक्षकांसाठी काही सूचना

वरील विवेचनावरून वर्गात करता येण्यासारख्या पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, लिहिण्याआधी बोलू द्यावे, आणि ते मुलांच्या भाषेत. विषय दिल्यावर दहा मिनिटे उर्दूत किंवा मराठीत वाद होऊ द्यावा. प्रत्येक मतावर शिक्षकाने दोनच प्रश्न विचारावेत : "कशावरून?" आणि "मग त्याचे काय?" पहिल्या प्रश्नाने पुरावा मिळतो, दुसऱ्याने खुलासा.

दुसरी, सांधणारे शब्द तीन भाषांत शेजारी शेजारी फळ्यावर लिहावेत. क्योंकि, कारण, बिकॉज; लिहाजा, म्हणून, देअरफोर; ताहम, तथापि, हाऊएव्हर. असे बारा-पंधरा शब्द नीट वापरता आले तर निम्मे काम होते. शंभर सुविचार पाठ करण्यापेक्षा ते अधिक उपयोगी आहेत.

तिसरी, महिन्यातून चार पूर्ण निबंध घेण्याऐवजी चार परिच्छेद घ्यावेत आणि प्रत्येक परिच्छेद दोनदा लिहून घ्यावा. पहिल्या वेळी स्पेलिंगला हात लावू नये. केवळ दावा व पुरावा यांच्याखाली रेघा माराव्यात. लाल शाईने भरलेली वही परत मिळाली की मूल पुढच्या वेळी कमी लिहिते आणि सुरक्षित लिहिते. व्याकरण दुसऱ्या वेळी दुरुस्त करावे.

चौथी, विषय मुलांच्या परिसरातले असावेत. मुसीचा पूर, वस्तीतील पाणी, चारमिनारजवळील वाहतूक अशा विषयांवर मुलांकडे पुरावा असतो. जेथे पुरावा नाही, तेथे ती गाईडकडेच जाणार.

निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. परिच्छेदाची शिस्त इंग्रजीतून आली असली तरी सर सय्यद व चिपळूणकर यांच्या हातून ती दीडशे वर्षांपूर्वीच आपल्या भाषांची झाली आहे. म्हणून न्यूनगंडाला जागा नाही. दुसरे, हैदराबादमध्ये जेव्हा जेव्हा माध्यम बदलले, तेव्हा दोन भाषांमधील पूल बांधला गेला नाही आणि त्याची किंमत सामान्य घरच्या विद्यार्थ्याने मोजली. तिसरे, हा पूल वर्गात बांधता येतो आणि त्यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही.

१९१८ मध्ये उस्मानियाच्या संस्थापकांनी मातृभाषेत विचार आणि इंग्रजीत प्रावीण्य अशी जोड घालण्याचा प्रयत्न केला होता. त्यांच्या प्रयोगात उणिवा होत्या. परंतु त्यातील मूळ प्रश्न आजही आपल्या प्रत्येक वर्गात बसलेला आहे. मुलांच्या पाठांतरावर टीका करण्यापूर्वी, त्यांना "कशावरून?" हा प्रश्न त्यांच्या भाषेत आपण किती वेळा विचारला, याचा हिशेब शिक्षकांनी व संस्थाचालकांनी स्वतःशी करावा, एवढीच या लेखाच्या शेवटी विनंती आहे.